नकाशाची पाठ

पहिला नकाशा घेतला तो सीन नदीच्या काठी. मुलीकडे पॅरिसला गेलो होतो. ती ऑफिसला गेली की मला दिवसभर काम नाही. नदीच्या कठड्यावर हिरव्या पेट्या मांडून जुनी पुस्तकं नि चित्रं विकणारे ते बुकिनिस्त, त्यांच्यातल्या एकाकडे लव्हासरच्या ॲटलासमधलं जिरोंद जिल्ह्याचं पान सापडलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातलं. भोवती इतकी चित्रं, की नटवलेल्या घोड्यावर नवरदेव शोधावा तसा त्यात जिल्हा शोधावा लागतो. रस्ता शोधायला शून्य उपयोग. घेतलं.

मग नादच लागला. "फ्रान्समध्ये आपली शेतजमीन आहे का?" असं घरून विचारून झालंय. जमीन नाही, पण त्या जमिनीची जुनी नावं मला आवडतात. 1790 मध्ये क्रांतीवाल्यांनी जुने प्रांत मोडून 83 जिल्हे पाडले आणि बहुतेकांना नद्यांची नि डोंगरांची नावं दिली. एकट्या ब्रिटनीचे पाच तुकडे झाले. त्याआधीचा नकाशा उघडला की ब्रिटनी पुन्हा सलग.

सगळ्यात भारी अर्थात कासिनीचा. एकाच घराण्याच्या चार पिढ्या या देशाच्या मोजणीत गुंतल्या. प्रमाण 1:86,400, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर 864 मीटर. 1756 मध्ये राजाने हात आखडता घेतला, तेव्हा तिसऱ्या कासिनीने भागीदार जमवून काम चालू ठेवलं. त्यात चर्च, पवनचक्क्या, पाणचक्क्या, एवढंच काय, फाशीचे खांबसुद्धा खुणेने दाखवलेत. प्रवासात घडी मोडू नये म्हणून लोक ही पानं कापून कापडावर चिकटवून घेत. माझ्याकडे असं एकच आहे, आणि ते मी क्वचितच उघडतो.

खरा-खोटा ओळखायची युक्ती सोपी. तांब्याच्या पत्र्यावरून छापताना कागद दाबला जातो, म्हणून चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खळगा बोटाला लागतो. कागद चिंध्यांचा, उजेडात धरला की आडव्या-उभ्या रेघा दिसतात. नुसतं पिवळेपण चहाच्या पाण्यानेही आणता येतं.

एक गोष्ट मात्र टोचते. भिंतीवरचं जवळजवळ प्रत्येक पान कुठल्या तरी ॲटलासमधून उसवलेलं. अख्ख्या पुस्तकापेक्षा सुटी पानं विकणं विक्रेत्याला परवडतं, आणि घेणारे आमच्यासारखे. त्या दुकानात सुरी माझ्या हातात नसते एवढंच.

हे पुरतं कळलं ते नकाशे छापणाऱ्या ब्लाऊच्या बरगंडी प्रांताच्या नकाशामुळे. सतराव्या शतकातलं अॅमस्टरडॅमचं काम. ब्लाऊचा छापखाना 1672 मध्ये जळाला. फ्रेम करायला नेताना पान उलटलं, तर मागे दाट फ्रेंच मजकूर. प्रांताची माहिती सांगत सांगत अगदी तळापर्यंत आलेला आणि वाक्याच्या मधेच थांबलेला. पुढचं पान कुणाच्या घरी आहे, की कुठे नाहीच, कुणास ठाऊक. त्या काळी पानाच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द छापत. तो इथेही आहे, दोनच अक्षरांचा. मुलीला फोटो पाठवून अर्थ विचारला.

"बाबा, 'आणि'."