सांजांवला गारेगार विन्यू व्हेर्द

सांजांवला, म्हणजे गोव्यातल्या संत जॉनच्या सणाला, फेणी असतेच आणि असायलाच हवी, पण यंदा मी भेटेल त्याला सांगत सुटलोय की विहिरीत उड्या मारून झाल्या, अंग पुसलं, की डोक्यावरचं कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, तसंच ठेवून पहिला ग्लास विन्यू व्हेर्द या हलक्या पोर्तुगीज वाईनचा घ्या. फेणी नंतर आहेच.

आमच्या शेजारची आंटी मूळ गोव्यातल्या शिवोली गावची, तिची मुलगी लिस्बनला असते, ती जूनमध्ये येताना बाटल्या आणते. आम्ही हिंदू घरातले पण सांजांवला आंटीच्या विहिरीवर लहानपणापासून जातो, नव्या जावयाला आधी उडी मारायला लावायची मग बाकीच्यांनी, घुमटाचं वादन चालू, फणस कापलेला, सगळीकडे चिखल. 24 जून म्हणजे भर पाऊस, हवा दमट, अशात जड रेड वाईन किंवा गोड पोर्ट घशाखाली उतरत नाही हो. ही उतरते. बहुतेक बाटल्यांत अल्कोहोल 9 ते 11 टक्के, म्हणजे फेणीच्या साधारण पाव हिश्शाएवढं. ओतली की शॅम्पेनसारखा फेस येत नाही, बारीक बारीक बुडबुडे काचेला चिकटून बसतात आणि जिभेच्या टोकावर जराशी चुरचुर होते, मग लिंबाच्या सालीसारखी आंबट चव, की पुढचा घोट आपोआप घेतला जातो.

मुळात ही पावसाळी मुलखाचीच वाईन. पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात मिन्यू म्हणून भाग आहे, अटलांटिकवरून ढग येतात, जमीन ग्रॅनाइटची, या वाईनच्या प्रदेशाची हद्द 1908 साली कायद्याने ठरली. तिथे शेतं लहान, म्हणून जुने शेतकरी द्राक्षाच्या वेली कडेच्या झाडांवर नाहीतर उंच मांडवावर चढवायचे आणि खाली मका, भाजी लावायचे. वेली उंच असल्या की वारा खेळतो, दमट हवेत बुरशी कमी लागते. अशा हवेत द्राक्षांत आंबटपणा टिकतो, साखर कमी बनते, म्हणून अल्कोहोलही कमी. तो बुडबुडा पूर्वी बाटलीतच तयार व्हायचा, वाईन लवकर भरायचे आणि आत आम्लाचं आंबणं चालूच राहायचं, त्याचा गॅस. आता बहुतेक बाटल्यांत भरतानाच थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतात. काही जण त्यावर नाक मुरडतात, मला अजिबात खटकत नाही, आंबट आणि गार वाईनला ती चुरचुर शोभतेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ही ठेवायची नाही. आपल्याकडे बाटली भेट आली की शोकेसमध्ये जाते, नाताळ, मग मुंज, मग लग्न करत वर्षं निघून जातात. विन्यू व्हेर्द म्हणजे आपल्या हुर्राकसारखं, काजूच्या त्या हलक्या दारूसारखं समजा, सीझनचं त्या सीझनला. लेबलवर साल असेल तर गेल्या वर्षाचं बघून घ्या. फक्त मोंसांव-मेल्गासू भागातली आल्व्हारिन्यू द्राक्षाची वाईन अंगाने जाड असते, ती काही वर्षं छान टिकते, पण ती महाग आणि सांजांवच्या धिंगाण्यात उघडायची नाही, ती शांतपणे जेवताना घ्या.

बरोबर काय खायचं? जूनमध्ये मासेमारी बंदी, ट्रॉलर सगळे किनाऱ्याला, त्यामुळे बांगड्याची आशा सोडा आणि नदीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, बघा. खोबरं भरपूर घालून सुकं केलं, वर कोथिंबीर, आणि मसाला बेताचा, कारण जहाल तिखटाबरोबर ही वाईन नुसतीच आंबट लागते. रेशाद हा लाल तिखट मसालापण म्हणूनच नको. पोर्तुगालच्या पोर्तु शहरात आपल्या आदल्या रात्री, 23 जूनला, हाच सांजांव रस्त्यावर असतो, सार्डिन निखाऱ्यावर भाजतात, एकमेकांच्या डोक्यावर प्लास्टिकचे हातोडे मारतात, तुळशीच्या जातीचं एक छोटं झुडूप कुंडीतून भेट देतात. तिथे विहीर नाही, इथे हातोडा नाही, संत तोच.

लाल विन्यू व्हेर्दसुद्धा असते हे फार कमी जणांना माहीत आहे, व्हिन्यांव नावाच्या द्राक्षाची, रंग जवळजवळ शाईसारखा, आणि मिन्यूत ती ग्लासात नाही तर चिनीमातीच्या पांढऱ्या वाडग्यातून पितात. तिकडे ती डुकराच्या चरबट पदार्थांबरोबर घेतात, त्यामुळे माझी खात्री आहे की आंटीच्या सोरपोतेलबरोबर, म्हणजे डुकराच्या मसालेदार कालवणाबरोबर, ती जमणारच. पुढच्या वेळी तिच्या मुलीला तीच आणायला सांगितलीय.