शेजारच्या पेशीही कोऱ्याच होत्या

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा नमुना आला की आम्ही पॅथॉलॉजिस्ट एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६ या चार प्रथिनांसाठी आयएचसी तपासणी करतो, म्हणजे प्रथिन जिथे असेल तिथे केंद्रक तपकिरी रंगते आणि नसेल तिथे कोरे राहते. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका ही प्रथिने दुरुस्त करतात. गंमत अशी की, ज्या गाठीत यांपैकी एखादे नाहीसे झालेले असते, ती तुलनेने कमी पसरते. एकूण रुग्णांत अशा गाठी शंभरात सुमारे १५, तर रोग यकृतात वा फुप्फुसात पोचलेल्यांत जेमतेम ४-५ आढळतात. म्हणूनच दुसऱ्या टप्प्यातील रुग्णाला केमोथेरपी द्यायची की नुसते लक्ष ठेवायचे, हे ठरवताना डॉक्टर या स्लाइडांची वाट पाहतात.

त्या दिवशीचा रुग्ण ४२ वर्षांचा होता. गाठ स्नायूंचा थर ओलांडून चरबीत शिरली होती, पण तपासलेल्या १४ लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या. तीन स्लाइडांत गाठीतील पेशींची केंद्रके तपकिरी रंगली होती. पीएमएस-२ ची स्लाइड मात्र कोरी होती आणि माझ्याकडे शिकणाऱ्या डॉक्टरांनी तसा मसुदाही लिहून ठेवला होता. मला खटकले ते हे की, एमएलएच-१ शाबूत असताना एकटे पीएमएस-२ जाणे दुर्मीळ असते. तसे खरोखर झाले असेल, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शंका घेऊन रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांनाही तपासणीसाठी बोलवावे लागते.

मी स्लाइड सरकवून शेजारच्या निरोगी ग्रंथी आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पाहिल्या. त्याही कोऱ्याच होत्या. लिंच सिंड्रोम असलेल्या माणसाच्याही निरोगी पेशींत जनुकाची एक प्रत चांगली असते, त्यामुळे त्या रंगायलाच हव्यात. त्या रंगल्या नसतील तर गाठीबद्दल काहीच बोलता येत नाही. नोंदवहीत कारण सापडले: आतडे न उघडता लहानशा डब्यात कोंबून पाठवले होते, त्यामुळे गाठीच्या मध्यापर्यंत फॉरमॅलिन, म्हणजे नमुना टिकवणारे द्रावण, पोचलेच नव्हते.

"मॅडम, रिपोर्ट आज मिळेल ना? नातेवाईक थांबले आहेत," असा सर्जनचा फोन आला. मी दोन दिवस मागून घेतले आणि गाठीच्या कडेचा, फॉरमॅलिन नीट मुरलेला ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) पुन्हा रंगवायला दिला. याच ब्लॉकच्या नेहमीच्या स्लाइडवर, गाठीच्या आघाडीला सुटून निघालेल्या एकेकट्या पेशी आणि चारपर्यंत पेशींचे पुंजके मी ०.७८५ चौरस मिलिमीटरमध्ये मोजले. ते १३ भरले. १० किंवा अधिक म्हणजे वरची श्रेणी, पसरण्याचा धोका वाढवणारी.

तिसऱ्या दिवशी नवी स्लाइड आली. लिम्फोसाइट गडद तपकिरी होते आणि गाठीतील पेशीही. चारही प्रथिने शाबूत होती, म्हणजे ज्या दिलाशाच्या आधारे केमोथेरपी टाळली गेली असती, तो दिलासा मुळात नव्हताच. सर्जनना मी दोन्ही निष्कर्ष फोनवर वाचून दाखवले, रिपोर्टवर सही केली आणि शस्त्रक्रियागृहाला पत्र लिहिले: यापुढे आतड्याचा नमुना काढल्याबरोबर ताजाच आमच्याकडे पाठवावा, आणि ते शक्य नसेल तर उघडून, नमुन्याच्या किमान दहापट फॉरमॅलिनमध्ये ठेवावा.