सिक्लिडची जोडी: जाळी कधी लावायची, कधी काढायची

कॉन्विक्ट सिक्लिड (घरच्या टाकीत पाळायचा पट्टेरी मासा) या माशांची नर-मादी जोडी जबड्यात जबडा अडकवून ओढाताण करते, त्याला घाबरू नका. ती ताकदीची पारख असते. धोक्याची खूण वेगळी. मादी पंख मिटून वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे उभी राहते, शेपटीच्या कडा फाटलेल्या दिसतात. मग सकाळपर्यंत थांबू नका, लगेच वेगळी करा.

असं होतं कारण बहुतेकदा नर जुगायला तयार असतो, मादीची अंडी पिकलेली नसतात. टाकीच्या मधोमध प्लास्टिकची चौकोनी जाळी बसवा. दोघं एकमेकांना दिसली पाहिजेत आणि पाणी खेळतं राहिलं पाहिजे. जाळी वाळूखाली थेट काचेला टेकवा, नाहीतर नर खालून उकरून पलीकडे जातो. उकरण्यात हे मासे महाबिलंदर! मादी अंगाने लहान असेल तर तिच्यापुरतं भोक ठेवा. मादीचं पोट फुगलं, अंडनलिका (अंडी घालायची छोटी नळी) बाहेर दिसू लागली की जाळी काढा, तीही तुम्ही तासभर समोर बसणार असाल तेव्हाच.

अंडी २६-२७ अंशांना साधारण ३ दिवसांत फुटतात, पिल्लं पोहायला आणखी ४-५ दिवस. या काळात मारामारी पेटली तर नराला काढा. मादी एकटी पिल्लं सांभाळते.