डनॉटरला जाणार असाल तर किनेफलाही जा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा डनॉटर किल्ला बरेच जण समोरच्या कड्यावरून पाहतात, फोटो काढतात आणि परततात. फोटो सुंदरच येतो: तीन बाजूंना समुद्र, साधारण पन्नास मीटर उंच खडक आणि माथ्यावर छप्पर नसलेल्या इमारती. पण या किल्ल्याची खरी गोष्ट आतल्या एका तळघरात आणि दक्षिणेला आठ-दहा किलोमीटरवरच्या किनेफ नावाच्या खेड्यात आहे.

जवळचं स्टेशन स्टोनहेवन. ॲबरडीनहून रेल्वेने वीस मिनिटांच्या आत पोहोचता येतं, एडिंबराहून दोन तासांहून थोडं जास्त लागतं. गाडी असेल तर वाहनतळ किल्ल्याजवळच आहे. तरीही जमत असेल तर स्टोनहेवनच्या बंदरापासून कड्याकडेची पायवाट धरा. रमतगमत पाऊण तास. सुरुवातीचा चढ छातीवर येतो, मग वाटेत टेकडीवर पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं बिनछपराचं स्मारक लागतं आणि तिथून पुढे किल्ला दिसू लागतो.

खरी दमछाक शेवटी आहे. आधी जवळजवळ समुद्रापर्यंत उतरायचं आणि मग पुन्हा चढायचं. पायऱ्या दोनशेहून जास्त आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बाबागाडी घेऊन येणाऱ्यांनी आधीच विचार करावा. उतरताना खडकाकडे जरूर पाहा. चिक्कीत शेंगदाणे रुतावेत तसे त्यात गोल गोटे रुतलेले आहेत.

दरवाजाशी पोहोचलात की शेजारच्या इमारतीत एकावर एक तीन ओळींत तोफांसाठी ठेवलेली भोकं तुमच्याकडेच रोखलेली दिसतात. आपल्याकडचे किल्ले पायी हिंडलेल्यांना या बांधणीतली हुशारी लगेच कळेल. माथ्यावरचा उंच मनोरा चौदाव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम कीथने बांधला. जागा चर्चची, पवित्र मानलेली. त्यामुळे त्याला धर्मबहिष्कृत केलं गेलं आणि १३९५ मध्ये पोपच्या आज्ञापत्रानंतर तो बहिष्कार उठला. पुढे या घराण्याचा प्रमुख अर्ल मार्शल या सरदारी किताबाने ओळखला जाऊ लागला आणि राजचिन्हांची राखण हा त्याचा मान होता.

म्हणूनच १६५१ मध्ये राजेशाही उलथवणाऱ्या इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजा स्कॉटलंडभर पसरल्या तेव्हा मुकुट, राजदंड आणि तलवार इथे होती. इंग्लंडची राजचिन्हं राजेशाही संपवल्यावर तिथल्या संसदेने वितळवली होती, त्यामुळे ही हाती लागली तर काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. किल्लेदार जॉर्ज ओगिल्व्हीने मूठभर शिबंदीनिशी वेढा सुमारे आठ महिने झुंजवला. पण राजचिन्हं वाचवली ती बायकांनी. किल्लेदारीणबाई एलिझाबेथ डग्लस आणि किनेफच्या पाद्र्याची बायको क्रिस्चन फ्लेचर यांनी ती वेढ्यातून बाहेर काढली. एका हकिकतीप्रमाणे क्रिस्चनबाईंनी मुकुट कपड्यांत दडवून आणि राजदंड व तलवार अळशीच्या धाग्यांच्या भाऱ्यात बांधून शत्रूच्या तळातून नेली. दुसरी हकिकत म्हणते, ती तटावरून खाली सोडली आणि समुद्रशेवाळ गोळा करण्याचं सोंग घेतलेल्या मोलकरणीने उचलली. राजा दुसऱ्या चार्ल्सची खासगी कागदपत्रं ॲन लिंडसे नावाच्या नातलग बाईने अंगावर शिवून बाहेर नेली. २४ मे १६५२ ला किल्ला शरण आला तेव्हा आत काहीच सापडलं नाही. ओगिल्व्ही पती-पत्नीला कैदेत टाकलं, तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. १६६० मध्ये राजा परत येईपर्यंत राजचिन्हं किनेफच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरलेली होती. माझ्या मते डनॉटरची सगळ्यात मोठी लढाई ती हीच.

तळघराची हकिकत याच्या अगदी उलट, आणि ती टाळून पुढे जाऊ नका. १६८५ च्या मे महिन्यात १२२ पुरुष आणि ४५ स्त्रिया इथे कोंडल्या. गुन्हा एवढाच, की राजा हा चर्चचा प्रमुख आहे अशी शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला. ज्या राजघराण्यासाठी आधी वेढा सोसला, त्याच घराण्याचे हे कैदी. तळघर सुमारे १६ मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद. म्हणजे सगळ्यांना एकत्र कोंडलं तर माणशी अर्धा चौरस मीटरही नाही. पंचवीस जण निसटले, त्यांतले दोघे कड्यावरून पडून मेले आणि पंधरा पुन्हा पकडले गेले. पाच जण आतच मरण पावले. उरलेल्यांतल्या कित्येकांना जहाजाने अमेरिकेला धाडलं. त्या प्रवासात सुमारे सत्तर माणसं दगावली. तिथे उभं राहून हे आकडे आठवले आणि मला बाहेर हवेत यावंसं वाटलं.

किल्ला उद्ध्वस्त झाला तो मात्र लढाईत नाही. दहावा अर्ल १७१५ च्या जेकबाइट उठावात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीच्या बंडात, सामील झाला, मालमत्ता जप्त झाली आणि ती विकत घेणाऱ्या कंपनीने विकण्याजोगं जे जे होतं ते काढून नेलं. १९२५ मध्ये लेडी काउड्रे यांनी किल्ल्याची दुरुस्ती सुरू केली. आज जे धड उभं आहे त्याचं मोठं श्रेय त्यांना जातं.

जाण्याआधी त्याच दिवशी सकाळी किल्ला उघडा आहे का ते तपासा. वारा जोराचा असला की बंद ठेवतात. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी निघू नका. वारा अडवणारं जाकीट आणि पकड असलेले बूट हवेतच. छत्रीचा उपयोग नाही. आत निदान दोन तास धरा.

किनेफला जायला स्वतःची गाडी असेल तर सोपं. चर्चची सध्याची इमारत बरीचशी १७३८ ची आहे, जागा मात्र तीच. राजचिन्हं आता एडिंबराच्या किल्ल्यात आहेत. प्रवासाची आखणी तुमच्या हातात असेल तर एडिंबराचा किल्ला शेवटी ठेवा आणि तिथे सकाळी उघडताच सरळ मुकुटाच्या दालनात जा, कारण नंतर रांग लागते.