नागपूरच्या हवेत ट्रायलोबाइट: दसऱ्यापर्यंतची नोंद

पाऊस ओसरला. ट्रायलोबाइट म्हणजे कधीच नामशेष झालेले, कवचाचे समुद्री प्राणी, आणि त्यांचे जीवाश्म दगडातून साफ करणं हा आमचा छंद. खोलीतला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) दिवसभर ६० टक्क्यांच्या खाली राहू लागला की पावडर मारणं (हवेच्या झोताने बारीक पावडर मारून दगड झिजवणं) आणि जोडकाम पुन्हा सुरू करता येतं, म्हणून नोंद आत्ता. टेबलावर सध्या अमेरिकेतल्या युटाच्या व्हीलर शेलमधले (शेल म्हणजे पातळ थरांचा चिखलदगड) एल्राथिया किंगी, मोरोक्कोच्या डेव्होनियन काळातल्या चुनखडीतले गेरास्टॉस आणि एक फॅकॉपिड आहे, सगळे ट्रायलोबाइटचेच प्रकार. न्यूयॉर्कचा, पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) झालेला ट्रायार्थ्रस मात्र डब्यातच.

नवीन मंडळी कामठीच्या दगडात ट्रायलोबाइट शोधायला निघतात, त्यांच्यासाठी एवढंच: पेट्रोल वाचवा. तिथला पर्मियन काळातला वालुकाश्म साचला तेव्हा शेवटचे ट्रायलोबाइट कुठल्यातरी समुद्रात होते, पण कामठीचा गाळ नद्यांचा आहे. ग्लोसोप्टेरिस या जुन्या झाडाची पानं मिळतील. त्यावरचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आणि ट्रायलोबाइट संपले २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी. भारतातले ट्रायलोबाइट असलेले कॅम्ब्रियन काळातले थर पाहायचे तर स्पितीतल्या पराहिओ खोऱ्यापर्यंत किंवा काश्मिरात जावं लागतं. नागपुरात हा छंद म्हणजे विकत घेतलेला, अर्धवट उघडलेला दगड घरी नीट साफ करणं आणि टिकवणं.

टिकवणं हाच खरा घोळ आहे. साफसफाईची बहुतेक माहिती थंड देशांत लिहिलेली असते आणि ती नागपूरच्या मे महिन्यात जशीच्या तशी चालत नाही. पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक रेझिनचंच बघा. जोडकामासाठी सगळ्यांचा आवडता गोंद, पाहिजे तेव्हा ॲसिटोनने सुटतो, पिवळा पडत नाही. पण ४० अंशांच्या आसपास तो मऊ व्हायला लागतो. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या वर जातो आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट आतून आणखी तापतं. डिसेंबरात पक्का वाटलेला जोड वजनाखाली असेल, तर उन्हाळ्यात सावकाश सरकतो. तुटत नाही, पण धडाच्या खंडांच्या रेषा जुळेनाशा होतात. म्हणून लहान, वजन न येणाऱ्या तुकड्यांना बी-७२ आणि भार पेलणाऱ्या जोडाला त्याच जातीचा बी-४४, जो साधारण ६० अंशांपर्यंत कडक राहतो. मूठभर वजनाचा दगड असेल तर दोन्ही तोंडांवर आधी बी-७२ चा पातळ थर, तो पूर्ण वाळल्यावर मध्ये इपॉक्सी. पुढे कधी सोडवायची वेळ आली तर ॲसिटोन त्या थराला पोचतो.

बी-७२ विरघळवताना त्याचे साबुदाण्याएवढे दाणे थेट बरणीत टाकले तर तळाशी गोळा बसतो. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ॲसिटोनमध्ये लोंबकळत ठेवा, रात्रभरात उतरतात. कवचात मुरवून ते मजबूत करायला १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम, चिकटवायला वजनाने निम्मं-निम्मं. उन्हाळ्यात ॲसिटोन इतक्या लवकर उडतो की कुंचल्याला धागे सुटतात आणि थरात बुडबुडे अडकतात. दहा-वीस टक्के इथेनॉल मिसळलं की काम करायला वेळ मिळतो. पावसाळ्यात उलट त्रास: उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थर दुधी पडतो. दुधी पडलेला थर कोरड्या दिवशी ॲसिटोनचा हात फिरवून बहुधा पुन्हा पारदर्शक होतो.

झटपट गोंद, म्हणजे सायनोअॅक्रिलेट, ओलाव्याने घट्ट होतो. कोरड्या एप्रिलमध्ये म्हणून तो रेंगाळतो, ऑगस्टमध्ये क्षणात बसतो पण आजूबाजूला पांढरी वाफ धरतो. काळ्या कवचावर ती फार वाईट दिसते. आम्ही तो फक्त दगडाच्या मागच्या बाजूला वापरतो.

एल्राथियाला यंत्र लागत नाही. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या या शेलमध्ये कवचाच्या खालच्या बाजूला कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) वाढलेलं असतं, त्यामुळे प्राणी जाड आणि दगडापेक्षा मजबूत. डेंटलची सुई, मऊ ब्रश, मधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, बस. पाण्यात बुडवू नका, शेल थराथराने सुटते. आणि व्हिनेगर तर कुठल्याच ट्रायलोबाइटच्या जवळ नको. कवच कॅल्साइटचं आहे, दगडाआधी तेच जातं.

गेरास्टॉस आणि फॅकॉपिडला एअर स्क्राइब (हवेवर चालणारी, टोकाने ठोके देणारी लेखणी), हवेचा दाब ९० पीएसआयच्या आसपास, कवचापासून साधारण मिलिमीटरभर दूरपर्यंतच. उरलेला थर डोलोमाइटच्या पावडरीने, २५ ते ३० पीएसआय, अर्ध्या मिलिमीटरचं नोझल. डोलोमाइट कॅल्साइटपेक्षा किंचित कठीण आहे, हे विसरलं की गेरास्टॉसच्या पाठीवरचे दाणे गुळगुळीत होतात आणि फॅकॉपिडच्या डोळ्यांची भिंगं सपाट. डोळ्याशी दाब १५ पीएसआयपर्यंत उतरवा किंवा सोडियम बायकार्बोनेट घ्या, ते कॅल्साइटपेक्षा मऊ आहे. नोझल एका जागी थांबवायचं नाही. कवच कुठे सुरू होतं हे कळत नसेल तर अल्कोहोलने ओलं करा, गडद रंग लगेच वेगळा दिसतो. फॅकॉपिडचा उजवा डोळा पूर्ण उघडलाय, डाव्याच्या खालच्या ओळी अजून दगडात आहेत. हे सगळं काचेच्या खोक्यात, व्हॅक्यूम चालू आणि तोंडावर एन-९५.

पावडर अडकली की नव्वद टक्के लोक नोझलला दोष देतात. दोष पाण्याचा असतो. कॉम्प्रेसरमधून गरम दमट हवा निघते आणि ती पाइपात थंड होऊन थेंब धरते. टाकी आणि वॉटर ट्रॅप यांच्यामध्ये पाच-सहा मीटर पाइपाचं वेटोळं पाण्याच्या बादलीत ठेवलं की पाणी ट्रॅपच्या आधीच सुटतं. टाकीचा खालचा व्हॉल्व्ह काम चालू असताना अर्ध्या-पाऊण तासाने उघडायचा. डोलोमाइटची पावडर ओटीजीमध्ये ११० अंशांना तासभर तापवून, चाळून, बंद बरणीत. आणि उन्हाळा कोरडा म्हणून निर्धास्त राहू नका: कूलर चालू असलेल्या खोलीत मे महिन्यातही पावडरीचे गठ्ठे होतात. काम दुसऱ्या खोलीत करा, घाम गाळा.

ट्रायार्थ्रसचं वेगळं. ऑर्डोव्हिशियन काळातल्या या प्राण्याचे पायसुद्धा पायराइटमध्ये राहिलेत. पण ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पायराइट गंजायला लागतं, गंधकाचं आम्ल तयार होतं, पांढरी-पिवळी भुकटी येते, लेबलाचा कागद तपकिरी पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरची हवा ८० च्या पुढे असते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, रंग बदलणारी सिलिका जेल, आत छोटा हायग्रोमीटर, काटा ४० च्या खाली. नारिंगी जेल हिरवी झाली की ११० ते १२० अंशांना दोन-तीन तास. पाण्याने धुणं बंद. शेजारी कॅल्साइटचा नमुना ठेवू नका, आम्ल त्यालाही खातं.

बाकीच्यांसाठी लोखंडी कपाट चांगलं, पूर्वेच्या भिंतीला. नव्या प्लायवूडचा कप्पा सुंदर दिसतो, पण त्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने कॅल्साइटवर पांढरे स्फटिक चढतात.

मोरोक्कोचा माल घेताना एक खूण: दगडातून आणि प्राण्यातून सलग जाणारी चिकटवलेली भेग असेल तर बरं. तिथे दगड फोडूनच प्राणी सापडतो, मग तुकडे जोडून साफ करतात. भेगच नसलेला, स्वस्त आणि निर्दोष नमुना असेल तर भिंगाखाली बुडबुडे शोधा, ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) टॉर्चखाली बघा. रेझिन आणि गोंद बहुधा निळसर चमकतात, चमक फक्त भेगेपुरती असेल तर चालतं. एखादा काटा पूर्णच चमकला तर तो काटा नवा बसवलेला आहे.

क्रमांक थेट दगडावर लिहू नका. मागच्या बाजूला बी-७२ चा ठिपका, त्यावर पिगमेंट शाईने क्रमांक, वर पुन्हा एक थर. दगडाचा थर, देश, गाव हे सगळं लेबलावर पेन्सिलीने, कारण जेल पेनची शाई पावसाळ्यात फुटते.