पहिल्या वेलांटीची उडी

गिरगावातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचे संगणक मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे पंख्यातली धूळ काढायची, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढायचा आणि कार्यवाह काकांबरोबर चहा प्यायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि काकांना कुणीतरी सांगितलं, की आता सगळे संगणक भंगारात. मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरची. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरची लागते, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. ग्रंथालयाचं अनुदान किती आणि कधी येतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना काकांचा चेहरा मी वर्णन करून सांगायला नको.

मी लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणि थोडी रॅम आणली आणि विंडोजच्या जागी फुकट मिळणाऱ्या लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तेवढ्यावर काका खूश. हिशेबाचं मशीन मात्र विंडोजवरच ठेवलं. सीएकडचं अकाउंटिंग पॅकेज आणि डिजिटल सहीचं टोकन यांच्या नादी लागून लिनक्सला बदनाम करण्यात अर्थ नसतो. जुन्या हार्ड डिस्क पुसल्या नाहीत, चिठ्ठ्या चिकटवून कपाटात ठेवल्या. ही माझी जुनी खोड.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच ग्रंथपाल ताईंचा फोन. “दादा, यादी गेली.”

यादी म्हणजे ग्रंथालयाचा जीव. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, कपाट. अकरा-बारा हजार नोंदी, ताईंनी वर्षानुवर्षं एकटीने टाइप केलेल्या. मी पोचलो तेव्हा लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस पॅकेजमध्ये फाइल उघडलेली होती आणि मराठीच्या जागी टोपीवाला ए, शेपटीवाला सी, डॉलर, टक्का, उलटी प्रश्नचिन्हं असला बाजार भरला होता. वर्तमानपत्र वाचायला येणारे दोन निवृत्त सभासद पाठीमागे येऊन उभे. त्यातल्या एकांनी निकाल देऊन टाकला, “फुकटचं ते फुकटचंच.”

मी ताईंना म्हटलं, यादी गेलेली नाही. ती मराठीत कधी नव्हतीच.

हे ऐकून त्या भडकल्या, आणि ते बरोबरच होतं. पण खरं तेच होतं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक. त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. आपल्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याच्या दुनियेने मात्र पुढे कितीतरी वर्षं वेगळीच युक्ती चालवली. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे क्रमांक ठेवायचे आणि फॉन्टमध्ये त्या क्रमांकावर ‘क’चं चित्र काढायचं. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर टोपीवाला ए. नव्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, एवढंच घडलं होतं.

कपाटातली जुनी डिस्क जोडली. फॉन्ट तिथेच होता, पॅकेजही ग्रंथालयाने रीतसर पैसे मोजून घेतलेलं. फॉन्टची फाइल होममधल्या लपलेल्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकली, लिब्रेऑफिस बंद करून उघडलं, आणि यादी जशीच्या तशी हजर. ताईंनी खुर्चीला पाठ टेकली. काकांनी चहा सांगितला. पाठीमागचे दोघे काहीशा निराशेनेच पेपरकडे परतले.

काम इथेच संपलं असतं. पण मी सहज विचारलं, “ताई, यात पुस्तक शोधता कसं?” त्या म्हणाल्या, “शोधायचं कसलं? मला पाठ आहे ना.” एवढ्या वर्षांत त्या यादीत कधी शोध चालला नव्हता, अकारविल्हे क्रम लागला नव्हता. लागणार कसा? संगणकाच्या लेखी ती सगळी रोमन अक्षरांची भेळ. ताई पुढच्या वर्षी निवृत्त होणार. मग पाठांतर कुणाकडे?

म्हणून ती दुपार यादी युनिकोडमध्ये आणण्यात गेली. फॉन्टफोर्ज नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे, त्यात कुठलाही फॉन्ट उघडला की चौकटी-चौकटींत त्याची सगळी चित्रं दिसतात. मी एकेका चौकटीवर बोट ठेवायचो, ताई नाव सांगायच्या, मी पायथन भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, जोडी लिहायचो. “हा अर्धा ब. हा द्य. हा श्र.” एका चौकटीत नुसती खाली उघडणारी टोपी होती. मला काही कळेना. ताई म्हणाल्या, “राष्ट्रमधला ट्र, त्याच्या पायाखाली असते ती.” माझ्याकडचा कुठलाही तक्ता इतका पक्का नव्हता.

त्या फॉन्टमध्ये दांडीची अक्षरं अर्धी ठेवलेली होती. अर्धा ब आणि एक दांडी मिळून ब. काना म्हणजेही तीच दांडी. म्हणजे ‘बाबा’ लिहायला सहा तुकडे. आधी पहिली दांडी अक्षराला द्यायची, उरली तर तिचा काना करायचा.

खरी मजा पहिल्या वेलांटीची. ती दिसते अक्षराच्या आधी, जुन्या फाइलमध्येही आधीच असते. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराप्रमाणे, अक्षरानंतर. ‘स्थिती’मध्ये तिला अर्धा स आणि थ अशी दोघांवरून उडी मारावी लागते. रफाराचं उलटं. तो दिसतो शेवटी आणि जायचं असतं मागे. ‘मर्त्य’मध्ये य आणि अर्धा त ओलांडून त्याला त्यांच्या पुढ्यात उभं करायचं. आणि दोघे एकाच अक्षरावर आले की गोंधळ. पहिल्या फेरीत सगळे ‘वार्षिक’ अंक ‘वाषिर्क’ होऊन बाहेर पडले. वर्तमानपत्रांच्या जुन्या ऑनलाइन पानांवर ‘आथिर्क’ वाचून ज्यांनी कपाळाला हात लावला असेल, त्यांना त्याचं मूळ इथे सापडेल. रफार आधी मागे न्यायचा, मग वेलांटी सगळ्या जोडाक्षरावरून पलीकडे, असा क्रम लावल्यावर ‘वार्षिक’ जागेवर आला.

दुसरी अडचण इंग्रजी पुस्तकांची. ती त्याच रकान्यात, साध्या रोमन फॉन्टमध्ये. सरसकट बदल केला तर त्यांचं अगम्य मराठी होणार. इथे खुल्या फॉरमॅटने हात दिला. लिब्रेऑफिसमधून फाइल फ्लॅट ओडीएस म्हणून साठवली की ती निव्वळ मजकुराची एक्सएमएल फाइल होते, आणि कुठल्या तुकड्याला कुठला फॉन्ट आहे हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. ज्यावर जुन्या फॉन्टचं नाव तेवढंच बदल, बाकीच्याला हात लावू नकोस, असं स्क्रिप्टला सांगितलं.

संध्याकाळी नवी फाइल उघडली. आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या सोयीत फोनेटिक मराठी कळफलक लावला होता. ताईंना टाइपरायटरची सवय, त्या कुरकुरल्या. पण शोधाच्या चौकटीत त्यांनी ‘कोकण’ टाइप केलं आणि एंटर दाबत राहिल्या. एकामागून एक पुस्तकं. मधल्या एका नावावर त्या थबकल्या, “हे आपल्याकडे आहे?” शिपाई मामा माळ्यावर जाऊन घेऊन आले.

क्रम लावल्यावर आणखी गंमत. तेच पुस्तक दोनदा, एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ, दोन वेगळ्या कपाटांत. काकांनी लगेच विचारलं, मग ग्रंथालयाचं मोठं सॉफ्टवेअर का नाही टाकत? कोहा आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेलं, २००० सालापासून चालू, मुक्त. पण त्याला सर्व्हर लागतो आणि तो रोज बघणारं माणूस लागतं. माझ्या मते एक ताई आणि एक मामा असलेल्या ठिकाणी आधी यादी स्वच्छ असावी, कोहा मग.

छापील प्रत ‘मुक्त’ या फॉन्टमध्ये काढली. मुंबईच्याच एक टाइपने बनवलेला, खुल्या परवान्याचा. पेपरवाल्या सभासदांनी प्रत चष्म्याजवळ धरून पाहिली आणि विचारलं, “हे घरी मिळेल का टाकून?”

मी बॅग भरत होतो तेवढ्यात ताईंनी पेन ड्राइव्ह पुढे केला. “दादा, सभासदांचीही यादी आहे. तीही करून द्या, तुमची ती स्क्रिप्ट आहेच आता.” उघडून पाहिलं. ती दुसऱ्याच कंपनीच्या फॉन्टमध्ये होती.