आमची वाटचाल : उसन्या खिळ्याची

छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या काळात केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, एखादं चिन्ह नसलं की शेजारच्या छापखान्यातून तेवढाच खिळा उसना आणायचे. अख्खी केस कुणी उचलून आणत नसे. लाटेकवर, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर, गणिताची पुस्तकं जुळवताना आम्ही हे विसरलो आणि धंदा बुडता बुडता राहिला.

पुस्तकाला हवं होतं एकच संबंधचिन्ह. त्यासाठी मॅथएबीएक्स हे गणिती चिन्हांचं सबंध पॅकेज (लाटेकला जोडायचा तयार संच) घेतलं गेलं. त्याने बेरजेचं, संकलनाचं, 'लहान किंवा समान'चं, सगळीच चिन्हं बदलली. ओळी हलल्या, पानं सरकली. प्रकाशकाने बिल अडकवलं आणि पुढची सगळी मालिका आमच्या स्पर्धकाला दिली. हा सल अजून गेलेला नाही. टिकले ते एक प्राध्यापक: बदललेलं प्रत्येक चिन्ह लाल शाईने घेरून प्रूफ परत दिलं, आणि पुढचं पुस्तकही आमच्याकडेच.

तेव्हापासून पद्धत ठरली. लाटेकची एनएफएसएसफाँट ही फाइल चालवून फाँटचा तक्ता छापायचा, त्यात चिन्हाचं घर शोधायचं. मग प्रिअँबलमध्ये (लाटेक फाइलच्या सुरुवातीच्या आज्ञांच्या भागात) डिक्लेअर-सिम्बॉल-फाँट या आज्ञेने फाँट जोडायचा आणि डिक्लेअर-मॅथ-सिम्बॉलने तेवढं एकच घर उचलायचं. तिरप्या दांडीचं 'लहान किंवा समान' एएमएसच्या (अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या) 'ए' चिन्हफाँटात षोडशमान (सोळाच्या पायावरच्या) ३६व्या घरात आहे. आकड्याआधीचं दुहेरी अवतरण ही षोडशमानाची खूण; ते लिहायचं राहिलं, तर ३६ दशमान धरला जातो आणि भलतंच चिन्ह उमटतं. खरं दशमान घर ५४.

चिन्हाचा वर्ग मॅथरेल (संबंधचिन्ह) हाच द्या. मॅथऑर्ड (साधं चिन्ह) दिलात तर दोन्ही बाजूंची मोकळी जागा जाते आणि समीकरण चिकटतं. हे प्रूफात पटकन दिसत नाही, छापल्यावर दिसतं.

चिन्ह शेजाऱ्यांपेक्षा मोठं वाटलं तर डिक्लेअर-फाँट-शेप या आज्ञेत फाँट लहान करायला ०.९५ असं प्रमाण देता येतं. ठळक शीर्षकातही एकदा तपासा. फाँटला ठळक रूप नसेल तर चिन्ह बारीकच राहतं.

नव्या मुलांना एक सांगणं आहे, विचारलं नसलं तरी. दुसऱ्याची प्रिअँबल डोळे झाकून चिकटवू नका. पीडीएफलाटेकमध्ये (थेट पीडीएफ काढणाऱ्या लाटेकमध्ये) गणितासाठी १६च फाँटकुटुंबं मिळतात आणि एका चिन्हासाठी आणलेला फाँटही त्यातलं एक अडवतो. १६ भरली असतील तर टेक्स्ट आज्ञेत यूजफाँटने ते घर बोलवा आणि वरून मॅथरेलचं कवच घाला. टेक्स्टऐवजी एमबॉक्स वापरलात तर घातांकात चिन्ह लहान होत नाही.